कुडाच्या भिंतीला फळी कशी लावावी?



आमचा रात्रीचा वर्ग नवी मुंबईत, बेलापूरजवळच्या एका गावठाणात भरतो. दिवसाची कामे उरकून मंडळी साडेआठला येतात. कोणी मासळी विकून येते, कोणी घरकाम करून येते. गेल्या पावसाळ्यात एका वहिनींचा एक दिवस खाडा झाला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पण पाटी उघडली नाही. नुसत्या बसून राहिल्या.

आम्ही विचारले, "काय झालं वहिनी? बरं नाही का?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, देवानं राखलं. फळी पडली."

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. त्यांच्या मागच्या खोलीत भिंतीला एक लांब फळी बसवली होती. बाजारातून एक माणूस आला, त्याने यंत्राने चार भोके पाडली, भोकांत प्लास्टिकचे प्लग घातले, स्क्रू पिळले आणि तो गेला. वहिनींनी फळीवर तांदळाचा डबा ठेवला, तेलाचा कॅन ठेवला, भांडी ठेवली, मिक्सर ठेवला. आठ दिवस फळी छान राहिली. नवव्या रात्री धो धो पाऊस झाला. दोनच्या सुमाराला धाडकन आवाज आला. फळी, डबा, मिक्सर सगळे खाली. भिंतीचा मोठा पोपडाही त्यांच्याबरोबर आला.

त्या फळीखाली त्यांची चार वर्षांची नात रोज झोपत असे. त्या रात्री कौलातून पाणी गळू लागले, म्हणून तिला उचलून पुढच्या खोलीत नेले होते. गळक्या कौलाने पोर वाचवली म्हणायचे!

फळी बसवणारा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "भिंतच बेकार आहे. पाडून टाका. विटांची बांधा." वहिनींच्या यजमानांनाही ते पटले. पण वहिनींचा जीव राहीना. ती भिंत त्यांच्या सासऱ्यांनी आपल्या हातांनी विणली होती.

वहिनींनी आम्हाला विचारले, "गुरुजी, दोष भिंतीचा, की खिळ्याचा?"

प्रश्न फार चांगला होता. त्याचे उत्तर म्हणजेच आजचा धडा.

कूड म्हणजे काय?

आज नवी मुंबईत जिकडे पाहावे तिकडे उंच इमारती दिसतात. पण हे शहर तसे नवे आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली. ठाणे जिल्ह्यातल्या आणि त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसवायचे ठरले. १९७३ साली वाशीचा खाडीपूल सुरू झाला. त्याआधी इथे भातशेती होती, मिठागरे होती, खाडीतली मासेमारी होती. दिवाळे, करावे, सारसोळे, शिरवणे, घणसोली, गोठिवली ही गावे शहराच्या पोटात अजून आहेत. त्यांनाच आपण गावठाण म्हणतो.

त्या काळी पैसेवाल्याचे घर विटांचे किंवा दगडाचे असे. गरिबाचे घर कुडाचे असे. कूड कसा करीत? आधी जमिनीत जाड लाकडी खांब पुरायचे. त्यांना मेढी म्हणतात. मेढींवर तुळया आणि छप्पर चढवायचे. मग दोन मेढींच्या मधल्या जागेत कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या. त्यांना बांबूच्या कामट्या आडव्या बांधायच्या. झाली जाळी तयार. या जाळीवर दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि भाताचा भुसा कालवून लिंपण करायचे. लिंपण वाळले की वरून सारवायचे. झाली भिंत!

कारवी हे सह्याद्रीच्या उतारावरचे झुडूप आहे. माथेरानच्या रानातही ते दिसते. त्याला सात-आठ वर्षांनी एकदाच निळी-जांभळी फुले येतात. फुले येऊन बी पडले की झुडूप मरते. मागे अंगठ्याएवढ्या जाड सरळ काठ्या उरतात. रानाजवळच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या त्या काठ्यांनी घरे विणली.

आता पुष्कळ गावठाणांत सिमेंटची घरे झाली. पण काही घरांत पुढची खोली विटांची आणि मागची खोली, माळा किंवा मधला आडोसा जुन्या कुडाचा असतो. त्यावर कोणी सिमेंटचा गिलावा चढवला, वर तेलाचा रंग दिला. मग भिंत बाहेरून विटांच्या भिंतीसारखीच दिसते. इथेच माणूस फसतो. वहिनींच्या घरी तेच झाले होते.

फळी का पडली?

आपल्या अंगात हाडे असतात, हाडांवर मांस असते आणि मांसावर कातडी असते. पोत्याचे वजन आपण खांद्याच्या हाडावर घेतो. कातडीला चिमट्याने पोते अडकवले तर कातडी फाटेल.

कुडाचेही तसेच आहे. मेढी ही त्याची हाडे. कारवी आणि कामट्या या त्याच्या फासळ्या. लिंपण हे त्याचे मांस. रंग ही कातडी. घराचे छप्पर मेढींवर उभे असते, लिंपणावर नसते. लिंपणाचे काम वारा, थंडी आणि लोकांची नजर अडवण्याचे. वजन धरणे हे त्याचे कामच नव्हे.

प्लास्टिकचा प्लग हा विटांसाठी आणि काँक्रीटसाठी केलेला आहे. स्क्रू आत गेला की प्लग फुगतो आणि भोकाच्या कडांवर जोराने दाबून बसतो. वीट कठीण असते, ती त्याला उलट दाबते. म्हणून प्लग निघत नाही. पण भोवती माती असेल तर? प्लग फुगतो तशी माती बाजूला सरते. तिचा भुगा होतो. वर सिमेंटचा पातळ थर असतो, म्हणून चार दिवस सगळे घट्ट वाटते. पावसाळ्यात माती ओल धरते, मऊ पडते, आणि फळी पोपड्यासकट खाली येते.

या प्लगाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९११ साली इंग्लंडमधल्या जॉन रॉलिंग्ज नावाच्या माणसाने तो काढला. त्याचा प्लग तागाच्या धाग्याचा होता. आपले कारागीर अजून 'रावल प्लग' म्हणतात, ते त्याच्याच नावावरून. पुढे १९५८ साली जर्मनीतल्या आर्टुर फिशरने प्लास्टिकचा प्लग काढला. वस्तू मोठी गुणी आहे. पण कोणतीही वस्तू आपल्या जागी गुणी असते.

दुसरी चूक यंत्राची. ठोके देत भोक पाडणारे ड्रिल काँक्रीटला चांगले. कुडाला ते लावले की सगळी जाळी थरथरते. लिंपण काठ्यांपासून सुटते. बाहेरून काही दिसत नाही, पण आतून भिंत पोकळ होते. हातोडीच्या जोरदार ठोक्यांनीही हेच होते.

साहेबांच्या देशातला कूड

कोणी म्हणेल, ही आपल्या गरिबांच्या घरांची रड आहे. तसे नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या घरांतही अशाच भिंती आहेत. तिथे उभ्या लाकडी खांबांवर पातळ लाकडी पट्ट्या आडव्या ठोकत. दोन पट्ट्यांमध्ये बोट जाणार नाही एवढी फट ठेवत. त्यावर चुन्याचा गिलावा दाबून बसवत. चुना फुटू नये म्हणून त्यात जनावरांचे केस कालवत. गिलावा फटींतून पलीकडे जाई आणि तिथे आकड्यासारखा वळून पट्टीला धरून बसे. ही पकडच त्या भिंतीचा जीव. कोणी दणादण खिळे ठोकले की ते आकडे तुटतात आणि गिलावा सुटतो. म्हणून तिथले जाणते सुतारही गिलाव्यात स्क्रू घालत नाहीत. आधी आतला खांब शोधतात. विद्या एकच आहे, देश वेगळा.

आपले पूर्वज काय करीत?

आता जुने घर आठवा. दूध-दही कुठे असे? शिंक्यात. शिंके कुठे टांगलेले असे? आढ्याला किंवा तुळईला. कपडे कुठे? दांडीवर. दांडी कशाला? वरच्या वाशांना दोरीने बांधलेली. खुंटी कुठे? मेढीत किंवा दाराच्या चौकटीत. जड डबे, पिंपे, कणग्या कुठे? जमिनीवर. कोनाडा असे, पण तो जाड भिंतीत, कुडात नव्हे.

बघा, कुडाच्या भिंतीवर कोणी काहीच टांगत नव्हते! म्हाताऱ्या माणसांना लिहिता-वाचता येत नसेल, पण भिंत कोणते काम करते आणि कोणते करत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आपण फळ्या आणल्या, मिक्सर आणले, टीव्ही आणले. भिंत मात्र तीच राहिली.

हसू नका, ही चूक आम्हीही केली आहे. एका खेड्यातल्या शाळेत आम्ही नवे मास्तर होतो. वर्गातला आडोसा कुडाचा होता. आम्ही त्यात दोन मोठे खिळे ठोकून लाकडी दांड्यांचा नकाशा टांगला. हिमालय दाखवायला छडी लावली आणि सगळा भारत देश आमच्या डोक्यावर आला. मुले आठवडाभर हसत होती. त्या शाळेच्या शिपाईमामांनी मग तोच नकाशा तुळईला दोरी बांधून टांगला. तो आमची बदली होईपर्यंत हलला नाही.

भिंत कशी वाचावी?

अक्षर ओळखल्याशिवाय शब्द वाचता येत नाही. तशी भिंत ओळखल्याशिवाय तिला हात लावू नये. ओळखण्याच्या पाच खुणा आहेत.

पहिली खूण, पाहणे. भिंतीच्या वरच्या टोकाला, छपराखाली पाहा. तिथे लिंपण अपुरे असते. काठ्यांची टोके दिसतात. मेढी वर तुळईला कुठे भिडतात तेही दिसते. तिथून ओळंबा सोडला की मेढीची रेघ मिळते. मात्र मेढ जुनी असेल तर थोडी वाकडी असू शकते, हे ध्यानात ठेवा.

दुसरी खूण, ठोठावणे. बोटाच्या पेराने भिंत हळूहळू वाजवत पुढे जा. काठ्यांच्या जाळीवर आवाज पोकळ, बद्द येतो. मेढ आली की आवाज भरीव होतो. विटांची भिंत सगळीकडे सारखीच भरीव वाजते.

तिसरी खूण, टोचणे. जिथे मेढ आहे असे वाटते तिथे बारीक दाभण टोचा. मातीत दाभण सहज जाईल आणि लाकडाला लागून थांबेल. बाजूला थोड्या-थोड्या अंतरावर टोचून मेढीच्या दोन्ही कडा शोधा. दाभण लाकडातही सहज घुसली तर सावध व्हा. मेढ वाळवीने खाल्लेली आहे.

चौथी खूण, भुगा. भोक पाडताना काय बाहेर पडते ते हातावर घ्या. लाल, कठीण भुगा विटांचा. करडा भुगा सिमेंटचा. पांढरा भुगा चुन्याचा किंवा जिप्समचा. मऊ तपकिरी भुगा मातीचा. लाकडाचा कीस आला तर मेढ सापडली.

पाचवी खूण, लिहून ठेवणे. मेजपट्टीने दारापासून मेढीपर्यंतचे अंतर मोजा आणि वहीत लिहा. लिहिले नाही तर पुढच्या वेळी पुन्हा सगळी भिंत टोचावी लागेल.

एक गोष्ट या पाचांच्याही आधीची आहे. विजेची तार! स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली सहसा तार असते. तिथे भोक पाडू नका. जुन्या घरात तार कशीही वळलेली असते. म्हणून दाभण टोचण्याआधीच मेन स्विच बंद करा. मग विजेचे ड्रिल चालणार नाही, पण कुडाला ते नकोच आहे. हाताने फिरवायचे गिरमिट घ्या.

वजनाचा हिशेब

आता वर्गात शिकलेले गणित कामाला येते. वहिनींच्या फळीवर काय होते?

तांदूळ १५ किलो.
तेलाचा ५ लिटरचा कॅन, सुमारे साडेचार किलो.
भांडी ६ किलो.
मिक्सर ४ किलो.
फळी स्वतः साडेतीन किलो.

बेरीज करा. ३३ किलो होतात. म्हणजे एक दहा-अकरा वर्षांचे मूल त्या फळीवर बसवल्यासारखे झाले!

पण एवढ्यावर हिशेब संपत नाही. फळी भिंतीतून बाहेर आलेली असते. म्हणून वजन नुसते खाली दाबत नाही, ते वरच्या स्क्रूंना बाहेर ओढते. ही ओढ किती?

वजनाला भिंतीपासूनच्या अंतराने गुणा. मग ब्रॅकेटच्या उभ्या बाजूच्या उंचीने भागा.

वहिनींची फळी ३० सेंटीमीटर रुंद होती. म्हणजे वजनाचा मध्य भिंतीपासून १५ सेंटीमीटरवर. ब्रॅकेटची उभी बाजू १५ सेंटीमीटर. ३३ गुणिले १५, भागिले १५. उत्तर ३३. वरच्या स्क्रूंना सुमारे ३३ किलोची ओढ रात्रंदिवस बसत होती.

ब्रॅकेटची उभी बाजू ३० सेंटीमीटर असती तर? ३३ गुणिले १५, भागिले ३०. उत्तर साडेसोळा. ओढ निम्मी झाली! म्हणून फळी अरुंद घ्या आणि ब्रॅकेट उंच घ्या. जड वस्तू फळीच्या काठावर न ठेवता भिंतीलगत ठेवा.

काय कुठे लावावे?

हलक्या वस्तू: दिनदर्शिका, छोटी तसबीर. यांच्यासाठी तुळईला दोरी बांधा आणि वस्तू भिंतीलगत सोडा. हे नको असेल तर मेढ शोधून तिच्यात हूक पिळा. हूक ठोकू नका, पिळा.

मध्यम वस्तू: आरसा, छोटी फळी, कपड्यांच्या खुंट्या. यांच्यासाठी दोन मेढी शोधा. एका मेढीपासून दुसरीपर्यंत पुरेल अशी चांगल्या लाकडाची आडवी पट्टी घ्या. पट्टी दोन्ही मेढींना स्क्रूने बसवा. मग फळीचे ब्रॅकेट किंवा खुंट्या त्या पट्टीला लावा. सगळे वजन पट्टीवरून मेढींवर जाते. लिंपणावर काही येत नाही.

स्क्रू बसवतानाही रीत आहे. आधी गिरमिटाने स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा. जुने लाकूड कठीण झालेले असते. भोकाशिवाय स्क्रू घातला तर लाकूड चिरते किंवा स्क्रू तुटतो. स्क्रूला थोडा साबण चोळा, तो सुरळीत फिरतो. स्क्रू मेढीच्या लाकडात निदान ४ सेंटीमीटर गेला पाहिजे. लिंपण ३ सेंटीमीटर आणि पट्टी २ सेंटीमीटर जाड असेल, तर स्क्रू किती लांब हवा? ४ आणि ३ आणि २, म्हणजे ९ सेंटीमीटर. दुकानात हेच माप सांगा. मेढ अरुंद असेल तर स्क्रू बरोबर तिच्या मधोमध घ्या.

हव्या त्या जागी मेढ नसेल आणि भिंतीची दुसरी बाजूही आपलीच असेल, तर आणखी एक तोड आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक लाकडी पट्टी लावा. दोन्हींतून आरपार बोल्ट घाला, वायसर घालून नट बेताने आवळा. काठ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये धरल्या जातात. पण हे खुंट्या आणि हलक्या फळीपुरतेच. नट फार आवळला तर माती चुरडते.

जड वस्तू: तांदळाचे डबे, पाण्याचे पिंप, टीव्ही, गीझर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १५ लिटरच्या गीझरमध्ये पाणीच १५ किलो, वर गीझरचे वजन वेगळे. असली वस्तू कुडाला कधीच लावू नका. डब्यांना पायांची मांडणी करा आणि ती जमिनीवर उभी करा. मांडणी पुढे कलू नये म्हणून तिचे वरचे टोक मेढीला बांधा.

आणि काहीही झाले तरी, जिथे माणूस झोपतो तिथे डोक्यावर फळी नको. भिंत कुडाची असो की काँक्रीटची.

पोपडा पडला तर?

पोपडा पडलेल्या जागी पुष्कळजण सिमेंट थापतात. ते टिकत नाही. माती ओल घेते, फुगते, वाळते, आकसते. सिमेंट तसे करत नाही. म्हणून दोघांची फारकत होते. शिवाय सिमेंटमागे ओल अडकते, लाकूड कुजते आणि वाळवीचे फावते. मातीच्या भिंतीला मातीच लावावी. सैल माती झाडून काढा. तुटलेल्या काठीजागी बांबूची कामट बांधा. जागा पाण्याने थोडी ओली करा. मग माती-भुशाचे लिंपण दोन-तीन पातळ थरांत द्या. एक थर वाळू द्या, मग दुसरा.

कूड बेकार आहे का?

कूड वजन टांगायला दुबळा आहे, हे खरे. पण म्हणून तो बेकार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात, किल्लारीजवळ मोठा भूकंप झाला. तिथली घरे दगड-मातीच्या जाड, जड भिंतींची होती. त्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. आसामात १८९७ साली फार मोठा भूकंप झाला. तिथे पुढे लाकडी चौकटीत बोरू विणून त्यावर लिंपण केलेली हलकी घरे पसंत केली गेली. म्हणजे आपला कूडच म्हणा ना! हलकी भिंत लवते, आणि पडली तरी दगडासारखी चिरडत नाही.

पण एक धोक्याची गोष्ट सांगून ठेवतो. कुडातली मेढ कधी कापू नका. खिडकी किंवा दार काढायला म्हणून मेढ कापली तर वरचे छप्पर बसेल. घराचे सगळे ओझे तिच्यावर आहे.

इमारतीत राहणाऱ्यांनीही हा धडा आपला नव्हे असे समजू नये. तिथेही एक भिंत विटांची, दुसरी हलक्या पोकळ-जाळीदार ठोकळ्यांची, तिसरी जिप्समच्या पातळ पाट्यांची असते. बाहेरून रंग एकच. म्हणून तिथेही आधी ठोठावा, भुगा पाहा, मग त्या भिंतीला चालणारा प्लग आणा.

वहिनींची फळी

आम्ही रविवारी वहिनींच्या घरी गेलो. सोबत गावातले एक जुने सुतारकाका होते. पाहिले, ठोठावले, मेन स्विच बंद करून दाभण टोचली. दारापासून ४० सेंटीमीटरवर एक मेढ सापडली. दुसरी १३२ सेंटीमीटरवर. बाजारातल्या माणसाचे चारही स्क्रू या दोन मेढींच्या मधल्या मातीत होते. पहिली मेढ एका स्क्रूपासून फक्त चार बोटे दूर होती!

सुतारकाका यजमानांना म्हणाले, "दादा, मेढी सागाच्या आहेत. अजून तुमच्या नातवंडांना पुरतील. भिंत का पाडता?"

यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी मेढीवर हात ठेवला. मग म्हणाले, "बाबांनी पुरली तेव्हा मी खड्ड्यातली माती काढत होतो." आणि स्वतःच पट्टी धरायला उभे राहिले.

पट्टी मेढींना बसवली. फळी अरुंद केली, ब्रॅकेट उंच घेतले. तांदळाचा डबा जमिनीवर आला. नातीचे अंथरूण समोरच्या भिंतीकडे गेले. पडलेली जागा वहिनींनी स्वतः लिंपली.

तेव्हा वहिनींना आम्ही उत्तर दिले, "दोष भिंतीचा नाही आणि खिळ्याचाही नाही. न विचारता ठोकण्याचा आहे."

पुढच्या आठवड्यात वहिनी वर्गाला आल्या. त्यांनी वही पुढे केली. कोणी न सांगता, स्वतःच्या अक्षरांत त्यांनी लिहिले होते:

'मागची खोली. भिंत कुडाची. मेढ दारापासून ४० आणि १३२. मधे खिळा ठोकू नये.'

त्या म्हणाल्या, "गुरुजी, हे फळीखाली चिकटवते. उद्या मी नसले तरी सुनेला वाचता येईल."

आम्ही त्यात फक्त एक काना दुरुस्त केला.

सांगा पाहू

१. कुडाच्या भिंतीत वजन कोण धरते? लिंपण की मेढ?
२. विटांचा प्लग मातीत का टिकत नाही?
३. फळीवर २४ किलो वजन आहे. वजनाचा मध्य भिंतीपासून १० सेंटीमीटर आहे. ब्रॅकेटची उभी बाजू ३० सेंटीमीटर आहे. वरच्या स्क्रूंना किती ओढ बसेल?
४. तुमच्या घरातली एक भिंत ठोठावून पाहा. ती कशाची आहे, ते दोन ओळींत वहीत लिहा.